पायोरियाची कुंडली

श्रीलंकेच्या मध्यभागातल्या डोंगराळ चहाच्या मळ्यांत १९७० साली हाराल्ड लो हे नॉर्वेचे दंतसंशोधक आणि त्यांचे सहकारी मजुरांचे दात तपासत होते. ४८० तमिळ मजूर, सगळे पुरुष, वयं १४ ते ३१. रोज दात घासायची रीत त्यांच्यात नव्हती, दातांच्या डॉक्टरशी कुणाचा कधी संबंध आला नव्हता. प्रत्येकाच्या दातांवर किटणाचे थर होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हिरड्या सुजलेल्या. पुढची पंधरा वर्षं या माणसांची अधूनमधून तपासणी होत राहिली. उपचाराविना आजार कसा वाढतो ते पाहायचं, एवढाच हेतू. आजच्या नजरेनं पाहिलं तर हे वाचताना थोडं अवघडायला होतं, पण त्यातून जे हाती आलं ते दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

हिरड्यांचा आजार ही निव्वळ अस्वच्छतेची शिक्षा असती, तर ती सगळ्यांना सारखीच व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. साधारण ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्यानं वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांची तोंडं बोळकी झाली. ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीनं पुढे सरकला. उरलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, किटण तेवढंच होतं, पण आजार दाताच्या मुळापर्यंत उतरलाच नाही. त्यांचे दात पंचेचाळिशीतही जागच्या जागी होते. मळा तोच, अन्नपाणी तेच, घाणही तीच. हा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून दंतवैद्यकात एक प्रश्न ठाण मांडून बसला: फरक माणसातच आहे का?

गंमत म्हणजे किटण हेच कारण असं सिद्ध करणारेही लो हेच. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूसला त्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा सुरू झाला आणि सूज उतरली. या दोन अभ्यासांत विरोध नाही. हिरडी सुजणं ही एक गोष्ट आणि दाताचं हाड झिजणं ही दुसरी. पहिली गोष्ट घाण साचू दिली तर कुणालाही होते. दुसरी व्हायला शरीराचा हात लागतो.

तो कसा, ते थोडक्यात सांगतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात तिची खोली तीन मिलिमीटरपर्यंत. तिथे जंतूंचा थर साचला की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं आणि इंटरल्युकिन नावाचे रासायनिक संदेश सोडतं. हे संदेश जोरात आणि जास्त काळ चालू राहिले, तर त्यांच्या हुकमानं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात आणि फट खोल होत जाते. या खोल फटीला दवाखान्यात पॉकेट म्हणतात. लोक या सगळ्या प्रकाराला पायोरिया म्हणतात. यात हाड खाण्याचं काम जंतू स्वतः फारसं करत नाहीत, ते आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेतून होतं. ही प्रतिक्रिया कुणाची तिखट, कुणाची सौम्य, कुणाची लवकर शमणारी. जनुकांचा प्रश्न येतो तो इथे.

जुळ्यांचे अभ्यास या प्रश्नाला उत्तर द्यायला सोयीचे असतात. अमेरिकेत ब्रायन मिकालोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रौढ जुळ्यांच्या ११७ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखी असतात, साध्या जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच मिळतीजुळती. हाड झिजवणाऱ्या आजारात हुबेहूब जुळी एकमेकांशी इतकी जुळली, की माणसामाणसांतल्या फरकाचा निम्मा वाटा जनुकांच्या खात्यात मांडावा लागला. नुसत्या हिरड्यांच्या सुजेत मात्र आनुवंशिकतेचा पुरावा मिळाला नाही. आऱ्हूसच्या प्रयोगाशी हे तंतोतंत जुळतं.

‘निम्मा वाटा’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तुमच्या पॉकेटातले तीन मिलिमीटर आईकडून आले आणि तीन तुमच्या आळसातून, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या लोकांना तपासलं त्या गटात एकमेकांपासून जो फरक होता, त्यातला निम्मा जनुकांच्या फरकाबरोबर चालला, एवढंच. गट बदलला की आकडाही बदलतो. २०१९ मध्ये लुइजी निबाली आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा जुळ्यांच्या अभ्यासांत हा वाटा ३८ टक्के निघाला, इतर कुटुंबांच्या अभ्यासांत १५ टक्के आणि डीएनए सरळ वाचणाऱ्या अभ्यासांत अवघा ७ टक्के. आजार जेवढा तीव्र, तेवढा वाटा मोठा. धूम्रपानाचाही हिशेब धरला की तो वाढतो. म्हणजे ‘आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात’ असं म्हणणारे काका अगदीच खोटं बोलत नसतात, पण त्या घराण्यात तंबाखूची डबीही पिढ्यान्‌पिढ्या फिरत असेल तर कुणाचा दोष किती, ते ठरवणं अवघड.

आता उपचाराकडे येऊ. दवाखान्यात पहिल्या दिवशी काय होतं? डेंटिस्टच्या हातात काळ्या खुणांची, बोथट टोकाची एक बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. एकेका दाताभोवती सहा जागी ती अलगद फटीत उतरवायची आणि खोली वाचायची. मदतनीस शेजारी बसून लिहून घेते: ‘तीन, दोन, तीन… पाच, रक्त… सहा, चार, सहा.’ अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे. रुग्णाला हे कंटाळवाणं वाटतं, ‘लवकर साफ करून टाका ना’ असं तो म्हणतो. पण पुढचा सगळा हिशेब या आकड्यांवरच चालतो. मग गरजेप्रमाणे हिरडी बधिर करून अल्ट्रासॉनिक यंत्रानं आणि हातातल्या अवजारांनी मुळांवरचं कीट काढलं जातं. दोन-तीन महिन्यांनी रुग्ण परत येतो आणि तेच १६८ आकडे पुन्हा लिहिले जातात.

चांगल्या अभ्यासांची सरासरी काढली तर या साफसफाईनं सहा-आठ महिन्यांत पॉकेटची खोली १.७ मिलिमीटरनं कमी होते आणि जवळपास ७४ टक्के पॉकेट बंद होतात. शस्त्रक्रिया न करता मिळणारा हा निकाल उत्तमच म्हणायचा. पण चारातलं एक पॉकेट हटून बसतं, त्याचं काय? कधी ते मागच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात असतं, तिथे अवजार पोचतच नाही. कधी रुग्ण विड्या ओढत असतो. कधी मधुमेह काबूत नसतो. कधी ब्रश पहिल्या आठवड्यात जोरात चालतो आणि पुढे ढिला पडतो. आणि काही वेळा यातलं काहीच नसतं. सगळं नीट केलेलं असतं आणि तरी हिरडी शमत नाही. या शेवटच्या गटाचं उत्तर जनुकांत असावं, असं संशोधकांना वाटणं साहजिक होतं.

१९९७ मध्ये केनेथ कॉर्नमन आणि सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. इंटरल्युकिन-१ हा सुजेचा फार महत्त्वाचा संदेश. तो बनवणाऱ्या जनुकांत दोन ठिकाणी विशिष्ट फरक असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या, चाळिशी ते साठीच्या लोकांत तीव्र आजाराची शक्यता सुमारे १९ पट दिसली. तपासलेले लोक उत्तर युरोपीय वंशाचे होते. लवकरच चाचणीही बाजारात आली. थेंबभर रक्त द्यायचं आणि तुम्ही ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ ते कळायचं. पत्रिका मांडून घ्यावी तसं.

उपचाराच्या बाबतीत सुरुवातीची लक्षणं तर फारच आशादायक होती. अमेरिकेतले मायकेल मॅग्वायर आणि मार्था नन यांनी १४ वर्षं नियमित देखभालीत असलेल्या ४२ रुग्णांची नोंद तपासली. ‘पॉझिटिव्ह’ लोकांत दात जाण्याची शक्यता २.७ पट होती, भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांत २.९ पट, आणि दोन्ही एकत्र असलेल्यांत ७.७ पट. धोक्यांची इथे बेरीज झाली नाही, जवळजवळ गुणाकार झाला. २००० मध्ये इटलीत दे सांक्तिस आणि झुकेल्ली यांनी पडद्याची शस्त्रक्रिया केलेले ४० रुग्ण पाहिले. झिजलेल्या हाडाच्या जागी बारीक पडदा बसवून नवी उभारणी व्हायला जागा द्यायची, अशी ती शस्त्रक्रिया. पहिल्या वर्षी दोन्ही गटांत फरक नव्हता, सगळ्यांचं छान भरून आलं. पण पुढच्या तीन वर्षांत ‘पॉझिटिव्ह’ लोकांनी कमावलेल्यातलं जवळपास निम्मं गमावलं. मला हा निकाल सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. जनुकाचा परिणाम इथे जखम भरण्यात दिसला नाही, भरलेली टिकण्यात दिसला. तो पाहायचा तर रुग्णाचा पाठलाग वर्षानुवर्षं करावा लागतो, आणि बरेच अभ्यास सहा महिन्यांत गुंडाळले जातात.

पण याच शस्त्रक्रियेबद्दल २००३ मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासात जनुकाचा असा काहीच परिणाम आढळला नाही. नुसत्या साफसफाईनंतर रुग्णांचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासातही फरक दिसला नाही. २००७ मध्ये सगळा पुरावा एकत्र चाळणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की या जनुकावरून आजाराची वाटचाल किंवा उपचाराचं फळ सांगण्याइतका आधार नाही. त्याआधीच, २००० मध्ये, चिनी वंशाच्या ३०० लोकांची तपासणी झाली होती. त्यांत हा जनुकप्रकार अवघ्या २.३ टक्के लोकांत सापडला. उत्तर युरोपीय लोकांत तो तिघांतल्या एकात आढळतो. चिनी लोकांना पायोरिया होत नाही असं तर नाही! एका वंशाच्या लोकांवर बेतलेली चाचणी दुसऱ्यांना लावली की असा फज्जा उडतो. आपल्याकडे या जनुकांवर जे अभ्यास झाले ते बहुतेक शे-दोनशे माणसांचे, आणि त्यांचे निकाल एकमेकांना छेद देणारे.

यानंतरही चाचणीनं पिच्छा सोडला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ५,११७ लोकांची १६ वर्षांची विम्याची कागदपत्रं तपासली गेली. धूम्रपान, मधुमेह आणि हे जनुक, यांतलं काहीच नसेल त्याला वर्षातून एकदाच दात साफ करून घेतले तरी चालतात, असा त्याचा रोख होता. विमा कंपन्यांना हे ऐकायला गोडच. दोन वर्षांनी स्कॉट डील आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि देखभाल कमी करायला या चाचणीचा आधार मिळत नाही असं सांगितलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनची भूमिकाही तीच, की सध्या कुठलीही जनुकचाचणी हिरड्यांच्या आजाराचा धोका भरवशानं सांगू शकत नाही. त्यामुळे उद्या कुणी पाच-सात हजार रुपयांत तुमच्या हिरड्यांचं भविष्य सांगतो म्हणाला, तर ते पैसे देखभालीच्या दोन-तीन फेऱ्यांवर खर्च करणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणी फसते याचं कारण जनुकं बिनमहत्त्वाची आहेत असं नाही. नेहमीच्या पायोरियात एका जनुकाच्या हाती फार थोडं असतं. अनेक जनुकं चिमूट-चिमूट भर घालतात. संपूर्ण डीएनए चाळणाऱ्या अभ्यासांतून काही जागा पुढे आल्या आहेत. त्यांतली नवव्या गुणसूत्रावरची एक जागा हृदयविकाराशीही जोडलेली आहे, म्हणजे हिरड्या आणि हृदय यांच्या नात्यात थोडा भाग समान वारशाचाही असावा. पण एका रुग्णाला खुर्चीत बसवून ‘तुमचं पॉकेट भरेल की नाही’ हे या चिमटींवरून सांगता येत नाही. डॉक्टरचा हात, दाढेच्या मुळांचा आकार, रुग्णाची चिकाटी आणि तंबाखू यांच्या गोंगाटात जनुकाचा आवाज ऐकूच येत नाही.

तंबाखूचा उल्लेख वारंवार येतोय, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात साधारण चौघांतला एक प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो, आणि त्यात न ओढण्याचे प्रकार जास्त. मिश्रीचंच घ्या. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी बोटानं हिरडीवर घासत बसायचं. गावाकडच्या कितीतरी बायकांना त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. ‘मिश्रीनं दात घट्ट राहतात, ठणका थांबतो’ असं त्या सांगतात. ठणका थांबल्यासारखा वाटतो, ते खरं. पण जिथे बोट रोज फिरतं तिथली हिरडी हळूहळू दात सोडून मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. विडी-सिगारेटची तऱ्हा आणखी वेगळी. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ब्रश करताना रक्त फारसं दिसत नाही. रुग्णाला वाटतं हिरड्या ठणठणीत आहेत. आत हाड झिजत असतं आणि धोक्याची पहिली खूण पुसली गेलेली असते. साफसफाईनंतर अशा हिरड्या कमी भरून येतात, हे जवळपास प्रत्येक अभ्यासात दिसलं आहे. मॅग्वायर-नन यांचा तो गुणाकार आठवा: जनुक बदलता येत नाही, पण त्याला गुणणारा आकडा बदलता येतो.

नेहमीच्या पायोरियाची कथा अशी धूसर आहे. काही दुर्मीळ आजारांत मात्र एकच जनुक बिघडतं, आणि तिथे सगळं लख्ख दिसतं. उपचार का फसतो तेही, आणि उपचार बदलावा कसा तेही.

फ्रान्समधल्या पापियों आणि लफेव्र या दोन डॉक्टरांनी १९२४ मध्ये एका विचित्र जोडीचं वर्णन केलं. मुलाच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड, पिवळसर, भेगाळलेली आणि तोंडात लालबुंद हिरड्या. दुधाचे दात वेळेवर येतात, पण आले की हिरड्या पेटल्यासारख्या सुजतात आणि चार-पाच वर्षांच्या आत दात एकेक करून गळून पडतात. शेवटचा दात पडला की हिरड्या आपोआप शांत होतात. मग सहाव्या वर्षी कायमचे दात यायला लागतात आणि पुन्हा तोच खेळ. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कवळी लागते. आई-बाप हातापायांसाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जातात, दातांसाठी डेंटिस्टकडे, आणि दोन्ही तक्रारी एका कागदावर यायला कधीकधी वर्षं जातात.

याचं मूळ १९९९ मध्ये सापडलं. कॅथेप्सिन-सी नावाचं एन्झाइम बनवणारं जनुक या मुलांत निकामी असतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतली जंतुनाशक एन्झाइम या कॅथेप्सिनकडून तासून घ्यावी लागतात, तेव्हाच ती कामाची होतात. ते नसलं की पेशी जागेवर पोचतात, पण हात चोळत बसतात. नेहमीची साफसफाई इथे बहुधा हरते. म्हणून काही ठिकाणी वेगळी वाट धरली गेली: आजारी दुधाचे दात आधीच काढून टाकायचे, तोंड काही काळ बिनदातांचं ठेवायचं म्हणजे घातक जंतूंना राहायला जागा उरत नाही, आणि कायमचे दात येताना अँटिबायोटिकं आणि कडक देखभाल. अशा पद्धतीनं काही मुलांचे कायमचे दात वाचले आहेत. दात वाचवण्यासाठी दात काढायचे, हे कुठल्याही आईला पटवणं सोपं नाही. जनुकाचं निदान हातात असेल तरच डॉक्टर ते ठामपणे सांगू शकतो.

हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून तो नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांत जास्त दिसतो. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातल्या अनेक समाजांतली जुनी रीत, तेव्हा आपल्याकडच्या डेंटिस्टनं अशा मुलाच्या तळहातांकडे एकदा तरी पाहावं. याच जनुकातल्या दोषाचा एक भाऊबंद आजारही आहे, हाइम-मुंक. त्याचं पहिलं वर्णन १९६५ मध्ये झालं, ते कोचीनहून गेलेल्या ज्यू कुटुंबांत.

दुसरा दुर्मीळ आजार तर पायोरियाबद्दलची समजच हलवून गेला. त्याचं लांबलचक नाव ल्युकोसाइट अॅडहिजन डेफिशियन्सी, डॉक्टर त्याला ‘लॅड’ म्हणतात. एका जनुकाच्या बिघाडामुळे पांढऱ्या पेशींवर सीडी-१८ हे प्रथिन नीट बसत नाही. तान्ह्या बाळाची नाळ आठवडे उलटले तरी पडत नाही, जखमांत पू होत नाही, संसर्ग हटत नाहीत. तीव्र प्रकारातली मुलं उपचाराविना लहानपणीच दगावतात. सौम्य प्रकारातली मोठी होतात आणि कोवळ्या वयात त्यांचे दात जातात. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा आजारांचं निदान करते.

या मुलांचे दात का जातात, याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, म्हणून जंतू मोकाट सुटतात. मग जंतू मारा. पण अँटिबायोटिकं देऊन, वारंवार साफसफाई करूनही हाड झिजणं थांबत नव्हतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेतल्या निकी मुत्सोपुलोस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या हिरडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जंतू दाताच्या पृष्ठभागावरच होते, हिरडीच्या आत घुसलेले नव्हते. आत होता तो इंटरल्युकिन-१७ या सुजेच्या संदेशाचा पूर. कल्पना करा, आगीची वर्दी गेली आहे, बंबांमागून बंब निघाले आहेत, पण एकाही बंबाला ब्रेक नाही. ते घरासमोरून तसेच पुढे निघून जातात. बंब पोचला नाही म्हणून भोंगा बंद होत नाही, आणि इथे त्या भोंग्याच्या हादऱ्यानंच भिंत पडते. एरवी पेशी हिरडीत उतरतात, काम संपवून मरतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्यातून इंटरल्युकिन-२३ व १७ यांना ‘आता पुरे’ असा निरोप जातो. लॅडच्या रुग्णांत तो निरोप कधीच जात नाही.

हे कळल्यावर उपचाराची दिशाच फिरली. सोरायसिससाठी वापरलं जाणारं उस्टेकिनुमॅब हे औषध इंटरल्युकिन-२३ ला अडवतं. १९ वर्षांच्या एका तरुणाला ते देण्यात आलं. त्याच्या हिरड्यांची आग शमली, आणि पाठीच्या खालच्या भागात वर्षानुवर्षं न भरणारी जखमही वर्षभरात भरून आली. हा वृत्तान्त २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आधी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती. सूज अडवल्यावर जंतूंची संख्याही घटली. जंतूंमुळे सूज येते हे आपण शिकलो होतो. सूज जंतूंना पोसते, हेही तितकंच खरं निघालं.

एका रुग्णावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, आणि साध्या पायोरियासाठी इतकं महागडं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणं वेडेपणाच ठरेल. पण शरीराच्या प्रतिक्रियेवर उपचार करायचा, ही कल्पना नवी नाही. डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, या गोळीला अमेरिकेत १९९८ मध्येच परवानगी मिळाली. या मात्रेत ती जंतूंना मारत नाही, फक्त तंतू विरघळवणाऱ्या एन्झाइमना लगाम घालते. २०२१ मध्ये रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या सी-३ या प्रथिनाला अडवणारं औषध हिरडीत टोचून सूज कमी झाल्याचं छोट्या चाचणीत दिसलं. कुणाची प्रतिक्रिया नेमक्या कुठल्या वाटेनं भडकते हे उद्या जनुकांवरून सांगता आलं, तर अशा औषधांचा नेम धरता येईल. चाचणीचा खरा उपयोग तिथे आहे. कुणाचा दात पडणार याचं भाकीत करण्यापेक्षा कुणाला काय द्यायचं ते ठरवणं मोलाचं.

जनुकांचा फरक फक्त माणसांत नसतो, हेही विसरता कामा नये. तरुण वयात दाढा खिळखिळ्या करणारा एक जंतू आहे. त्याच्या एका वाणात डीएनएचा छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे तो पांढऱ्या पेशी मारणारं विष भरमसाट बनवतो. मोरोक्कोतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हा वाण तोंडात असलेल्या मुलांना आजाराचा धोका १८ पट होता. इथे माणसाच्या कुंडलीपेक्षा जंतूची कुंडली जास्त बोलते. कोवळ्या वयात झपाट्यानं वाढणाऱ्या आजारात साफसफाईच्या जोडीला अॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल द्यावं का, हा विचार डेंटिस्ट करतात तो यामुळेच. सरसकट सगळ्यांना ती देण्यात अर्थ नाही.

मग आज खुर्चीत बसलेल्या रुग्णाचं काय? २०१८ पासून जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणात आजाराला ए, बी, सी अशा श्रेणी देतात. ठरवण्याची एक रीत अगदी सोपी आहे. एक्स-रेवर सगळ्यात जास्त झिजलेल्या दाताचं हाड किती टक्के गेलं ते पाहायचं आणि त्याला वयानं भागायचं. तिशीच्या माणसाचं ४० टक्के हाड गेलं असेल तर उत्तर १.३ येतं. एकच्या वर गेलं की श्रेणी सी, म्हणजे वेगवान आजार. साठीच्या माणसाचं तेवढंच हाड गेलं असेल तर उत्तर पाऊणच्याही खाली, श्रेणी बी. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेहाचा एचबीए१सी सात किंवा त्याहून जास्त असेल तर श्रेणी वर सरकते. यात डीएनए कुठेच नाही, पण त्या भागाकारात जनुकं, सवयी, जंतू, सगळ्यांचा एकत्रित निकाल उतरलेला असतो. उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेले ते १६८ आकडे हा त्याचाच पुढचा हप्ता. सी श्रेणीच्या रुग्णाला सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी बोलावलं जातं आणि हटून बसलेल्या पॉकेटवर शस्त्रक्रियेचा विचार लवकर होतो.

राहता राहिला घरच्यांचा इतिहास. डेंटिस्टनं विचारलं की बहुतेक जण ‘आईला कवळी होती’ एवढं सांगून मोकळे होतात. कवळी कशामुळे बसली हे त्यातून कळत नाही. कीड लागून दात काढले, की धडधाकट दिसणारे दात हलायला लागून पडले? कितव्या वर्षी? पुढच्या दातांत फटी आधी पडल्या का? तंबाखू किंवा मिश्री होती का, साखर होती का? वडिलांचे दात साठीत गेले आणि ते आयुष्यभर विडी ओढत होते, यावरून जनुकांबद्दल फारसं काही हाती लागत नाही. पण व्यसन नसलेल्या आत्याचे दात पस्तिशीत हलायला लागले असतील, तर डेंटिस्ट लगेच सावध होतो. आणि विशी-पंचविशीत कुणाच्या पहिल्या दाढांचं आणि पुढच्या दातांचं हाड झिजलेलं सापडलं, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनाही बोलावून घ्यावं, त्यांना काहीच दुखत नसलं तरी. हा आजार भावंडांत पुष्कळदा एकत्र आढळतो. प्रोबनं मोजायला अर्धा तास लागतो, आणि पॉकेट चार मिलिमीटरचं असतानाच सापडलं तर नुसत्या साफसफाईवर भागतं.